दोन डगरींवर हात : शाळेची नवी गाडी कोणती घ्यावी?



आपल्या शाळेची जुनी डिझेल गाडी आता थकली आहे. प्रश्नपत्रिका आणणे, बँकेची कामे, आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्यात नेणे, खो-खोचा संघ उज्जैन-देवासला पोहोचवणे, अशी सगळी कामे तिने पंधरा वर्षे बिनतक्रार केली. आता तिच्या दुरुस्तीवर होणारा खर्च पाहून आमचे मोठे बाबू दर महिन्याला कपाळाला हात लावतात. सुदैवाने शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता अमेरिकेत स्थायिक आहे, नव्या गाडीचा निम्मा खर्च उचलण्याची तयारी कळवली आहे. त्याने अट कोणतीही घातलेली नाही, परंतु एक सूचना अवश्य केली आहे. तो स्वतः प्लग-इन हायब्रिड गाडी चालवतो आणि शाळेनेही तशीच घ्यावी, असे त्याचे म्हणणे आहे. दुसरीकडे विश्वस्त मंडळातील काहींचे मत पूर्ण विजेच्या गाडीकडे झुकले आहे. पुढील बैठकीत यावर निर्णय व्हायचा आहे.

हा प्रश्न केवळ शाळेचा आहे असेही नाही. मागच्या पालक सभेत मुलांच्या प्रगतीबद्दल बोलून झाल्यावर तीन-चार पालकांनी आम्हाला हेच विचारले, "सर, आम्हीही गाडी बदलतोय. विजेची घ्यावी की दोन्हीवर चालणारी?" आमची पदवी हिंदी माध्यमातली आणि तीही इतिहासाची. मोटारींचे तज्ज्ञ आम्ही नाही. तरी शाळेचा पैसा म्हणजे आपल्या सर्वांचा पैसा. तो खर्च होण्याआधी आमचे मत आणि त्यामागचा हिशेब आपल्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम बालगोपाळांसाठी दोन शब्दांची ओळख. पूर्ण विजेच्या गाडीत इंजिन नसते. मोठी बॅटरी आणि मोटर असते. बॅटरी संपली की गाडी थांबली. साध्या हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला छोटी बॅटरी व मोटर. ही बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना आपोआप भरते. तिला भिंतीतल्या सॉकेटला लावण्याची सोयच नसते. प्लग-इन हायब्रिड म्हणजे या दोहोंच्या मधली. तिची बॅटरी हायब्रिडपेक्षा बरीच मोठी, घरी विजेवर भरता येणारी. ती भरलेली असेल तर साधारण पन्नास-साठ किलोमीटर गाडी निव्वळ विजेवर जाते. पुढे पेट्रोलचे इंजिन सुरू होते. अशी पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली गाडी चीनमधील बीवायडी कंपनीने २००८ च्या डिसेंबरमध्ये आणली; अमेरिकेत २०१० च्या अखेरीस शेवरोले व्होल्ट आली.

खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हीही प्लग-इन हायब्रिडच्याच बाजूचे होतो. आपण मध्यमवर्गीय माणसे. घरात इन्व्हर्टर असला तरी मेणबत्ती कोणत्या खणात आहे हे आपल्याला पाठ असते. गॅसचे दुसरे सिलिंडर भरलेले असल्याशिवाय झोप येत नाही. रोज शहरात वीज वापरू, आणि पुण्या-नाशिकला जायचे झाले तर पेट्रोल आहेच. दोन डगरींवर हात. बुडण्याची भीतीच नाही! हा विचार कोणाला पटणार नाही?

परंतु आमच्या चालक भाऊंनी आम्हाला विचारात पाडले. ते म्हणाले, "सर, गाडी कुठं कुठं जाते ते आपल्या वहीत लिहिलेलं आहेच की. आधी ते तर बघा." आम्ही वही मागवली. मागच्या शैक्षणिक वर्षात गाडी २१२ दिवस बाहेर पडली. त्यांपैकी १९१ दिवस ती शहरातच फिरली, दिवसाला सरासरी २८ किलोमीटर. १७ दिवस उज्जैन किंवा तेवढ्याच अंतरावर जाऊन-येऊन, म्हणजे ११० किलोमीटरच्या आसपास. आणि फक्त चार दिवस लांबचे: एकदा नाट्यस्पर्धेसाठी पुण्याला जाणे-येणे आणि एकदा नाशिकला. एकूण सुमारे ९,२०० किलोमीटर. त्यातले दोन हजार या दोन मोठ्या प्रवासांचे. म्हणजे चार दिवसांच्या काळजीपोटी आपण उरलेल्या दोनशे आठ दिवसांची गाडी निवडायला निघालो होतो.

यावर आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "म्हणूनच तर प्लग-इन हवी. दोनशे आठ दिवस वीज, चार दिवस पेट्रोल. यात वाईट काय?" वाईट काहीच नाही, जर ती रोज सॉकेटला लावली गेली तर. सगळी गोम या 'जर'मध्ये आहे.

ही शंका एकट्या आमची नाही. युरोपमध्ये अशा गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या. कागदावर त्यांचा धूर अत्यल्प. सरकारी करात सवलतीही मिळाल्या. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांमधील नोंदी गोळा झाल्या. युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केले, की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट आहे. मुख्य कारण, लोक त्या गाड्या ठरल्याप्रमाणे विजेवर भरतच नाहीत. त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी ही संशोधन संस्था आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांनी केलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचे ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापले जात होते. पण कंपनीने नोकराला दिलेल्या गाडीचे केवळ ११ ते १५ टक्के. कारण उघड आहे. पेट्रोलचे बिल कंपनी भरणार असेल, तर रात्री थंडीत वायर जोडायला कोण उतरतो?

हे वाचून आम्ही थबकलो. कारण शाळेची गाडी म्हणजे अशीच गाडी नव्हे काय? तिचे पेट्रोलही ट्रस्ट भरतो. आज एक चालक, उद्या दुसरा. कधी क्रीडाशिक्षक घेऊन जातात, कधी ऑफिसातले. 'उशीर झाला, उद्या लावू,' असे प्रत्येकाने एकदा म्हटले तरी पुरे. गाडी काही अडणार नाही, इंजिन आहेच. आणि न अडणाऱ्या गोष्टीकडे माणूस लक्ष देत नाही, हा आमचा इतक्या वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव आहे.

आपण इंदूरकर ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजू शकतो. आपले शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात अव्वल ठरत आले आहे. बाहेरगावचे पाहुणे येतात आणि विचारतात, तुमच्याकडे कोणती मोठी यंत्रे आणली? यंत्रे आहेतच. देवगुराड्याला ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. दिवसाला ५५० टन कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. पण तो प्रकल्प चालतो कशावर? आपल्या घरातली आई-आजी केळीची साल एका डब्यात आणि बिस्किटाचा कागद दुसऱ्या डब्यात टाकते, त्यावर. दोन डबे घरात आहेत, पण सगळे एकाच डब्यात जात आहे, असे झाले तर डबे दोन असून उपयोग शून्य. प्लग-इन हायब्रिड ही अशी दोन डब्यांची गाडी आहे. सोय विकत मिळते. सवय आपली आपणच लावावी लागते.

कोणी म्हणेल, इंदूरला कचऱ्याची सवय लागली, तशी वायर जोडण्याचीही लागेल. जरूर लागेल. पण कचऱ्याची सवय कशी लागली ते आठवा. सकाळी घंटागाडी दारात येते आणि वेगळा न केलेला कचरा कर्मचारी घेत नाही. नाइलाज झाला, म्हणून सवय झाली. पूर्ण विजेच्या गाडीत हा नाइलाज आहे. राजवाड्याच्या परिसरात ई-रिक्षा चालवणाऱ्या एखाद्या दादांना विचारून पाहा, की रात्री रिक्षा चार्जिंगला लावायला विसरता का? ते हसतील. विसरले तर सकाळी धंदा नाही, आणि धंदा नाही तर चूल नाही. त्यांना कोणी शिस्तीवर व्याख्यान दिलेले नाही.

आता थोडा पैशांचा हिशेब. विद्यार्थी मित्रांनी तो वहीत करून पाहावा आणि आमचे चुकले असेल तर अवश्य सांगावे. सोयीसाठी काही आकडे धरू. पेट्रोल लिटरला १०६ रुपये. शाळेतली वीज युनिटला ८ रुपये. रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्राचा दर युनिटला २० रुपये. साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर, हायब्रिड २२ किलोमीटर. विजेची गाडी युनिटला ६ किलोमीटर. प्लग-इन हायब्रिड वजनाने जड, म्हणून विजेवर युनिटला ५ आणि पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर धरू. आणि बॅटरी कधीच भरली नाही तर लिटरला १६. आता आपल्या वहीतले ९,२०० किलोमीटर घ्या.

साध्या पेट्रोल गाडीचा वर्षाचा इंधनखर्च सुमारे ६५,००० रुपये येतो. साध्या हायब्रिडचा सुमारे ४४,००० रुपये. पूर्ण विजेच्या गाडीचा, पुणे-नाशिकचे महागडे चार्जिंग धरूनही, सुमारे १६,३०० रुपये. आणि प्लग-इन हायब्रिडचा? रोज नेमाने सॉकेटला लावली तर सुमारे २७,७०० रुपये. कधीच लावली नाही तर सुमारे ६१,००० रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, चालक तोच. फरक तेहतीस हजारांचा, आणि तो केवळ एका वायरीचा! आकडे बदलले तर उत्तर थोडे इकडे-तिकडे होईल, पण चौघांचा क्रम बदलेल असे आम्हाला वाटत नाही.

खरेदीच्या किमतीचाही विचार हवा. विजेची गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाखांनी महाग पडू शकते. हे लपवण्यात अर्थ नाही. तो फरक भरून यायला आपल्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीला पाच-सहा वर्षे किंवा अधिकही लागतील. मात्र सरकारी कर विजेच्या बाजूने आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी दर बदलले, तेव्हाही मोठ्या हायब्रिड गाड्या, मग त्या साध्या असोत की प्लग-इन, ४० टक्क्यांच्या गटात राहिल्या. फक्त लहान हायब्रिडला १८ टक्के लागू झाले. दुसरे असे, की अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यात आहे. आपल्याकडे ती प्रामुख्याने श्रीमंतांच्या गाड्यांत आली. व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ हे एक उदाहरण. बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या डिसेंबरमध्ये भारतात आली, तेव्हा तिची किंमत दोन कोटी साठ लाख रुपये होती. तेवढ्यात शाळेची नवी इमारत उभी राहील! मध्यम किमतीच्या येणार असल्याच्या बातम्या येत असतात. पण बातमीवर मुलांना दवाखान्यात नेता येत नाही. उलट पूर्ण विजेच्या गाड्यांत आज निवड आहे. पुण्याशी नाते असलेल्या टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत आली. आपल्या वडिलांच्या पिढीने ज्या चेतक स्कूटरवर अख्खे कुटुंब बसवून रामबाग ते खजराना केले, ती चेतकही त्याच महिन्यात विजेची होऊन परतली.

आता भीतीचा विषय. "सर, धुळ्याच्या रस्त्यावर घाटात बॅटरी संपली तर?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. इंदूरच्या मराठी माणसाचा जीव या रस्त्यावर अडकलेला असतो. लग्न, मुंज, दिवाळी, सगळे याच वाटेने. आपण माळव्याच्या पठारावर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. खलघाटला नर्मदा साधारण दीडशे मीटरवर आहे. म्हणजे परतताना चारशे मीटर चढायचे. नववी-दहावीच्या मुलांनी सूत्र आठवावे: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. पंधराशे किलोची गाडी धरली तर उत्तर सुमारे ५९ लाख ज्यूल येते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. याचा अर्थ विंध्याचा सगळा चढ चढायला सुमारे १.६ युनिट जादा लागते. मोटरचे नुकसान धरून दोन म्हणा. आणि जाताना उतारावर मोटर उलटी चालून त्यातली काही वीज बॅटरीत परत घालते. घाट आपल्याला वाटतो तेवढा खाऊ नाही. बॅटरी जास्त खातो तो हमरस्त्यावरचा वेग. कंपनी जे अंतर सांगते ते चाचणीतले असते. शंभरच्या वेगाने, वातानुकूलन लावून, ते बरेच कमी भरते. म्हणून जाहिरातीतला आकडा डोळे मिटून मानू नये. पुण्यापर्यंतच्या सुमारे सहाशे किलोमीटरमध्ये दोनदा थांबावे लागेल, असे धरूनच निघावे. चालक भाऊंना जेवण आणि चहा यांसाठी तसेही दोनदा थांबणे भाग आहे; न थांबता सहाशे किलोमीटर चालवणे हेच मुळात मुलांच्या जिवाशी खेळणे आहे.

आणि त्यातूनही धीर होत नसेल, तर वर्षातून दोनदा भाड्याची गाडी करावी किंवा संघाला रेल्वेने न्यावे. पुण्याला रेल्वे आहेच. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली. तो होईल तेव्हा नाशिकही जवळ येईल. मुलांना रेल्वेच्या डब्यात भाकरी-चटणी वाटून खाण्याचा आनंद मिळेल, तो वेगळाच.

आगीची भीतीही अनेकांच्या मनात आहे. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडी पुण्यासह काही शहरांत विजेच्या स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, हे खरे आहे. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. तरी घरची जबाबदारी आपली. चार्जिंगसाठी स्वतंत्र वायरिंग, योग्य क्षमतेचे सॉकेट, वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग, एवढे झालेच पाहिजे. खिडकीतून एक्स्टेंशनची वायर लोंबकळत सोडून गाडी भरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ज्या पालकांनी जुन्या वस्तीत गल्लीत गाडी उभी करण्याची सोय केली आहे, त्यांना आमची विनंती आहे की रस्त्यावरून वायर ओढू नये.

एक विद्यार्थी म्हणाला, "सर, वीजसुद्धा कोळशाचीच ना? मग धूर इथे नाही तर खंडव्याला." मुलाचे आम्हाला कौतुक वाटले. खंडवा जिल्ह्यातल्या श्री सिंगाजी प्रकल्पात कोळसाच जळतो, आणि देशातली बहुतांश वीज आजही कोळशाची आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली साधारण पाऊण ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते; विजेची मोटर बहुतेक ऊर्जा चाकाला देते. आणि गाडी तीच राहून वीज बदलू शकते. रीव्याचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली देशाला अर्पण झाला. आपल्या महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत चढवायला लागणारी वीज त्यातून मिळावी म्हणून. पेट्रोलच्या गाडीला असा पुढचा जन्म नाही.

मग प्लग-इन हायब्रिड कोणी घेऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या स्वतःच्या अंगणात सॉकेट आहे, रोजचे अंतर थोडे आहे, पण महिन्यातून चार वेळा अचानक दूर, चार्जिंग नसलेल्या गावी जावे लागते, आणि जो रात्री देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने वायर जोडील, त्याला ती गाडी शोभेल. आमचा माजी विद्यार्थी बहुधा तसाच आहे. शाळेत असतानाही त्याचा गृहपाठ कधी चुकला नाही. ज्याचे रोजचे दोनशे-तीनशे किलोमीटर फिरणे आहे, त्याने साध्या हायब्रिडचा किंवा सीएनजीचा विचार करावा. जो फ्लॅटमध्ये राहतो आणि पार्किंगमध्ये सॉकेट नाही, त्याने तूर्त घाई करू नये. त्याच्यासाठी प्लग-इन म्हणजे न लागणाऱ्या प्लगची गाडी. आणि ज्याचे सगळे काम पायी, सायकलने किंवा सिटी बसने होते, त्याने गाडी न घेणे हे सर्वांत उत्तम.

शाळेसाठी मात्र आमचे मत ठरले आहे. पूर्ण विजेची, मध्यम आकाराची, साधी गाडी घ्यावी. फाटकाजवळ छपराखाली एक पक्के चार्जिंगचे ठिकाण करावे. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरही रात्रभरात सव्वाशे किलोमीटरची वीज सहज भरते. बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. रात्री-अपरात्री एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर 'चार्जिंग नव्हते' हे उत्तर आम्ही कोणत्या तोंडाने देणार? ही जबाबदारी चालक भाऊंची एकट्याची नको. सायंकाळी फाटक बंद करताना वायर जोडली आहे की नाही, हे आम्ही स्वतः पाहू. पुढेमागे छतावर सौर पॅनेल बसवावेत, म्हणजे दुपारी उभी असलेली गाडी उन्हावर भरेल. बॅटरीला किती वर्षांची हमी आहे, ती कोणत्या अटींवर, आणि दुरुस्ती इंदुरातच होते की नाही, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही. ज्येष्ठ विश्वस्तांचा अनुभव आमच्याहून मोठा आहे, आणि देणगीदाराच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. त्याला आम्ही वहीची पाने आणि वरचा हिशेब पत्राने पाठवला आहे. त्याचे उत्तर आले, "सर, मी माझ्या रस्त्यांचा विचार केला होता, शाळेच्या नाही. तुम्ही ठरवा." विद्यार्थ्याने मास्तरला असे लिहावे यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कोणती?

दोन डगरींवर हात ठेवणे हे संकटात शहाणपण असते. परंतु रोजच्या चालीत त्याने एकही हात कामाला लागत नाही. आम्ही मुलांना नेहमी सांगतो, की परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी गाईड जवळ असले, की वर्षभर पुस्तक उघडले जात नाही. गाडीच्या बाबतीत तोच धडा आपणही गिरवावा, एवढेच.

पालकांनी आपल्या गाडीची वही एक महिना ठेवावी आणि मग निर्णय घ्यावा. आपल्या सूचना, विशेषतः आमच्याशी न पटणाऱ्या, बैठकीच्या आधी कार्यालयात लेखी द्याव्यात. त्या सर्व मंडळापुढे वाचून दाखवल्या जातील.



आपले नम्र,
प्राचार्य